फीचर म्हणजे पागडीचा भाडेकरू: वाढत्या भाषेत साधेपणा कसा टिकवायचा

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. आमचं ऑफिस अंधेरीत, गोडाऊन भिवंडीत, आणि दोघांच्या मधे एक छोटी भाषा आहे जी मी आठ वर्षांपूर्वी शनिवार-रविवार बसून लिहिली. पार्सलचे दर काढायचे नियम गोडाऊनची मंडळी एक्सेलमध्ये ठेवायची, ती शीट रोज कोणीतरी बिघडवायचं आणि मग कोणी बिघडवली यावरून अर्धा दिवस जायचा, म्हणून म्हटलं एक साधी रूल लँग्वेज करू, कीवर्ड, म्हणजे भाषेचे राखीव शब्द, मराठीतच ठेवू म्हणजे तिकडच्या लोकांना माझ्यावर अवलंबून राहायला नको. सुरुवातीला एवढंच होतं:

जर पिन सुरुवात 400 तर दर 60
जर वजन > 5 तर दर 90

बस. शिकवायला दहा मिनिटं. आज हजारावर फायली आहेत, तीसेक कीवर्ड आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांची मला लाज वाटते. म्हणून हे लिहितोय. तुम्ही ऑफिसात अशी एखादी भाषा सांभाळत असाल, किंवा कॉन्फिग फाइलला हळूहळू इफ-एल्स फुटायला लागलेत असं दिसत असेल, तर माझ्या चुका आणि मोठ्या भाषांच्या चुका दोन्ही उपयोगी पडतील.

मुंबईकराला पागडी समजवायला नको. भाडेकरू एकदा आत आला की आला, भाडं त्या जमान्यातलं, आता नातू राहतोय, आणि गच्ची गळली की मालकाच्या नावाने बोंब. फीचरचं डिट्टो तसंच. आत घ्यायला एक दुपार लागते, बाहेर काढायला कोर्टकचेरी. जावास्क्रिप्ट 1995 मध्ये दहा दिवसांत उभी राहिली तेव्हा टाइपऑफ नल (म्हणजे 'रिकाम्या व्हॅल्यूचा प्रकार कोणता?') विचारलं की 'ऑब्जेक्ट' असं उत्तर यायचं, ती चूक होती हे सगळ्यांना मान्य आहे, दुरुस्तीचा प्रस्तावही येऊन गेला, पण जुन्या साइट मोडतील म्हणून तो नाकारला आणि आजही तेच उत्तर येतं.

आणि 'आपले युजर आहेतच किती' हे स्वतःला सांगू नका, कारण नेमकी तीच वेळ दुरुस्तीची असते. मेक नावाचं, प्रोग्रॅम बिल्ड करून देणारं टूल 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं, त्यात कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. हे त्रासाचं आहे हे त्यांना लवकरच कळलं होतं, पण तोवर डझनभर लोक वापरायला लागले होते, त्यांना कशाला त्रास द्या म्हणून तसंच ठेवलं. डझनभर! त्यानंतर किती पिढ्यांनी त्या टॅबपायी डोकं आपटलं असेल. तर तुमची भाषा दहा जण वापरत असतील आणि काही चुकलंय असं वाटत असेल तर आजच मोडा, दहाही जणांना चहा पाजा, सॉरी म्हणा, पुढे चला.

मागणी आली की आधी नियम मागा

लोक अडचण घेऊन येत नाहीत, उपाय घेऊन येतात. गोडाऊनच्या ताईंचा फोन आला, 'दादा, आम्हाला लूप पाहिजे.' आता डेव्हलपरच्या डोक्यात लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) म्हटलं की लगेच वीज चमकते, वा, मस्त, पार्सरमध्ये (नियम वाचून समजून घेणाऱ्या कोडमध्ये) एक ब्लॉक टाकू, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल. मी म्हटलं, ताई, लूप नंतर बघू, अडलेले तीन खरे नियम पाठवा. त्यांनी पाठवले. एकाच दरासाठी चाळीस पिनकोड, म्हणून चाळीस ओळी, आणि दर बदलला की चाळीसही ओळी बदला. त्यांना लूप नकोच होता, यादी हवी होती:

यादी कोकण = 415, 416
जर पिन सुरुवात यादी कोकण तर दर 110

(दोन अंकांनी अख्खं कोकण होत नाही, कोल्हापूरपण मधे घुसतं, ते माहितीये, इथे फक्त नमुना देतोय.)

लूप दिला असता तर पहिल्याच महिन्यात कोणीतरी न संपणारा नियम लिहिला असता आणि सकाळी दहाला सगळे दर अडकले असते. आज आमच्या भाषेत लूप नाहीये म्हणून कुठलाही नियम चालवला की तो संपतोच, याची गॅरंटी आहे. ही गॅरंटी कुठल्या फीचर लिस्टमध्ये लिहिलेली नसते, त्यामुळे ती गमावताना कोणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या भाषेला अशा कुठल्या गॅरंट्या फुकटात मिळाल्यात ते एका कागदावर लिहून काढा, आणि प्रत्येक नव्या मागणीच्या वेळी तो कागद समोर ठेवा.

गो भाषेवाल्यांनी हा संयम फार ताणून दाखवला. भाषा 2009 मध्ये जाहीर झाली, पहिल्या दिवसापासून लोक जेनेरिक्स (एकच फंक्शन वेगवेगळ्या प्रकारच्या डेटासाठी लिहायची सोय) मागत होते, ते आले मार्च 2022 मध्ये, 1.18 मध्ये. मधे बरेच मसुदे बनले आणि टाकून दिले. जागोजागी एरर तपासायला ज्या तीन ओळी लिहाव्या लागतात त्यांबद्दल तर अजून शिव्या खातात, 2019 मध्ये 'ट्राय' नावाचा प्रस्ताव आला आणि लोकांनी विरोध केल्यावर मागे घेतला, 2025 मध्ये टीमने सरळ सांगितलं की एरर हँडलिंगसाठी नवीन सिंटॅक्सच्या (लिहायच्या रचनेच्या) मागे आता लागणार नाही. मला स्वतःला त्या तीन ओळी लिहायचा जाम कंटाळा येतो. पण दुसऱ्याचा गो कोड उघडला की पाच मिनिटांत समजतो, हेही खरंय, आणि दोन्ही एकाच कारणाने होतं.

सिंटॅक्स सगळ्यात शेवटी

मागणी खरी निघाली तरी थेट व्याकरणात हात घालू नका. आधी बघा फंक्शन देऊन भागतंय का. नाही भागलं तर एडिटरमध्ये टेम्प्लेट किंवा चेकर देऊन भागतंय का. रस्टमध्ये एरर वर पाठवायला आधी 'ट्राय' नावाचा मॅक्रो होता, म्हणजे लायब्ररीतलीच गोष्ट, लोकांनी तो जिकडेतिकडे वापरला, नेमकं काय हवंय ते वापरातून दिसलं, आणि मग नोव्हेंबर 2016 मध्ये 1.13 ला त्याच्या जागी एक साधं प्रश्नचिन्ह भाषेत आलं. हा क्रम मला फार आवडतो. सिंटॅक्स येईपर्यंत ती गोष्ट हजारो ठिकाणी वापरून झालेली होती, अंदाजाचा भाग जवळपास उरलाच नव्हता.

सी शार्पच्या टीमचा एक जुना हिशोब आहे, प्रत्येक फीचर उणे 100 गुणांपासून सुरू होतं. म्हणजे 'थोडं बरं होईल' एवढ्याने काही होत नाही, शंभराचा खड्डा भरून वर यायला पाहिजे. लोकलमध्ये तीन जणांच्या सीटवर चौथा येऊन 'जरा सरका ना' म्हणतो तेव्हा त्याचा फायदा त्याला लगेच कळतो, बाकी तिघांचं अर्धं अर्धं बूड हललेलं असतं ते कोणी मोजत नाही. उणे 100 म्हणजे त्या तिघांचा हिशोब.

एकाच गोष्टीच्या दोन वाटा: माझी सगळ्यात महाग चूक

इथे जरा थांबतो कारण इथेच मी सगळ्यात जास्त मार खाल्लाय. भाषा मस्त चालली होती, वजन > 5 असं लोक लिहीत होते, कोणाची तक्रार नव्हती. मग वरच्या मजल्यावरून एक साहेब म्हणाले की हे चिन्ह बिन्ह नको, मराठीच आहे तर पूर्ण मराठी करा ना, युजर फ्रेंडली होईल. मी पण उत्साहात 'वजन 5 पेक्षा जास्त' हे टाकून दिलं. जुनं चिन्ह काढलं नाही, कारण जुन्या फायली.

आठवड्यात फोन, 'सर, 5 हून अधिक चालत नाही.' बरोबर आहे की, मराठी आहे म्हटल्यावर माणूस मराठीच लिहिणार. ते टाकलं. मग '5 च्या वर'. तेही टाकलं. मग कोणीतरी '5 पासून' लिहिलं आणि मी विचार न करता तेही बाकीच्यांसारखंच धरलं. आता सांगा, '5 पासून' मध्ये 5 धरायचा की नाही? बोलताना आपण धरतो. 'पेक्षा जास्त' मध्ये धरत नाही. माझ्या पार्सरमध्ये दोन्हींचा अर्थ एकच, 5 सोडून. बरोबर पाच किलोची पोती पाठवणारा एक गिऱ्हाईक होता, दीड महिना त्याचं बिल चुकीच्या दराने निघत होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नियम वाचणाऱ्या प्रत्येकाला तो बरोबरच वाटत होता. मलाही.

यातून जे शिकलो ते असं. दुसरी वाट उघडायची असेल तर पहिली कधी बंद होणार ती तारीख त्याच दिवशी ठरली पाहिजे, नाहीतर दुसरी उघडू नका. पायथनचं बघा, तिच्या तत्त्वांमध्येच लिहिलंय की काम करायची एकच उघड वाट असावी, आणि स्ट्रिंगमध्ये आकडा बसवायला टक्क्याचं चिन्ह आहे, फॉर्मॅट मेथड आहे, टेम्प्लेट आहे, आणि डिसेंबर 2016 पासून एफ-स्ट्रिंग आहे. एफ-स्ट्रिंग खरंच झकास आहे, मी दुसरं काही वापरतच नाही, पण पहिले तिघे घरातच आहेत, आणि नवीन पोराला जुना कोड वाचायचा तर चौघांचीही ओळख पाहिजे. लिहिणारा एक निवडतो, वाचणाऱ्याला चारही यावे लागतात. साधेपणा मोजायचा तर वाचणाऱ्याच्या बाजूने मोजा.

शेवटी मी काय केलं, तर चाळीस ओळींची स्क्रिप्ट लिहून सगळ्या फायलींमधले 'पेक्षा जास्त', 'हून अधिक', 'च्या वर' परत > करून टाकले. 'पासून' मात्र एकेक करून ताईंबरोबर बसून तपासले, कारण तिथे लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते मशीनला कळत नाही. दोन दिवस गेले, वडापाव माझ्यातर्फे.

नवीन कीवर्ड आणताना

मी 'सवलत' हा कीवर्ड आणला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, शुक्रवारी. हो, माहितीये. तर निम्म्या फायलींमध्ये लोकांनी 'सवलत' नावाचं व्हेरिएबल आधीच केलेलं, सगळे नियम धडाधड पडले. नंतर वाचलं तर पायथनची पण हीच गत झालेली, 2018 मध्ये 3.7 ला 'असिंक' हा पूर्ण कीवर्ड झाला आणि ज्या लायब्रऱ्यांनी पॅरामीटरचं नाव 'असिंक' ठेवलेलं त्या मोडल्या. पुढे 3.10 मध्ये 'मॅच' आणताना ते शहाणे झाले, तो शब्द फक्त त्या विशिष्ट जागीच कीवर्ड, इतरत्र नाव म्हणून खुशाल वापरा. जावाने 10 मध्ये 'व्हार' आणताना तशीच काळजी घेतली, जुन्या कोडमध्ये 'व्हार' नावाचं व्हेरिएबल असेल तर ते चालूच राहिलं. तुमच्या पार्सरला जमत असेल तर हेच करा.

आणि त्याही आधी, जुन्या सगळ्या फायलींमध्ये तो शब्द शोधा. एवढं साधं. रस्टवाले मोठा बदल करायच्या आधी क्रेटर नावाच्या टूलने लोकांनी प्रकाशित केलेले पॅकेज बिल्ड करून बघतात काय मोडतंय. आपल्याला फायलींमध्ये शब्द शोधणारं ग्रेप पुरे. जावास्क्रिप्टमध्ये ॲरेला 'फ्लॅटन' नावाची मेथड आणायची होती, 2018 मध्ये कळलं की मूटूल्स या जुन्या लायब्ररीने त्याच नावाचं स्वतःचं काहीतरी केलंय आणि जुन्या साइट मोडतायत. कोणीतरी गमतीत 'स्मूश' असं नाव सुचवलं, त्यावर भांडणं झाली, शेवटी नुसतं 'फ्लॅट' ठेवलं. नाव थोडं कमी चांगलं, साइट शाबूत. मीही शेवटी 'सवलत' चं 'सूट' केलं.

फाइलच्या डोक्यावर आवृत्ती लिहा, आजपासून

समजा अर्थच बदलायचाय, मोडल्याशिवाय पर्याय नाही. मग सगळ्यांना एकाच दिवशी उडी मारायला लावू नका. पायथन 3 डिसेंबर 2008 मध्ये आली आणि पायथन 2 चा सपोर्ट संपला 1 जानेवारी 2020 ला, अकरा वर्षं, कारण एकाच प्रोग्रॅममध्ये 2 ची आणि 3 ची मॉड्यूल मिसळता येत नव्हती, तुमची एक लायब्ररी अडली की तुम्ही अडलात. रस्टने यावर एडिशन काढल्या, 2015, 2018, 2021, 2024, आणि जुन्या एडिशनचं पॅकेज नव्याबरोबर बिनतक्रार जोडलं जातं. गोने 2024 मध्ये 1.22 ला लूपच्या व्हेरिएबलचा अर्थच बदलला, पण ज्या मॉड्यूलच्या फाइलमध्ये 1.22 किंवा पुढचं व्हर्जन लिहिलंय त्यालाच तो लागू, बाकीच्यांना जुनाच.

आमच्याकडे पहिली ओळ 'आवृत्ती 2' अशी असते. ओळ नसेल तर ती फाइल कायमची आवृत्ती 1, यात कधी बदल नाही. दोन्ही आवृत्त्या पार्सर वेगवेगळ्या वाचतो पण आतून एकच झाड (नियमाचा फांद्याफांद्यांचा आराखडा) तयार करतो, त्यामुळे दर काढणारा कोड एकच राहतो. हे नीट पाळा, नाहीतर इफ आवृत्ती एक, इफ आवृत्ती दोन असं सगळीकडे पसरतं आणि मग तुम्हीच नोकरी सोडता.

प्रयोग म्हणून आणा, पण तारीख टाकून

जावाचं प्रीव्ह्यू, म्हणजे फीचर आधी फक्त चाचणीपुरतं द्यायचं, हे प्रकरण उचलण्यासारखं आहे. स्विच एक्सप्रेशन 12 मध्ये प्रीव्ह्यूला आलं तेव्हा व्हॅल्यू परत द्यायला 'ब्रेक' होता, गोंधळ झाला, 13 मध्ये 'यील्ड' केलं, 14 मध्ये पक्कं. स्ट्रिंग टेम्प्लेट 21 आणि 22 मध्ये प्रीव्ह्यूला होतं आणि 23 मध्ये चक्क काढून टाकलं. एवढ्या मोठ्या भाषेने दोन रिलीजनंतर 'नाही जमलं' म्हणून परत घेतलं, कारण प्रीव्ह्यू मुद्दाम चालू करावा लागतो, फुकट आत शिरत नाही. पागडी नाही, अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स.

आम्ही अशा फाइलवर 'प्रयोग' असं लिहितो. आधी त्यावर फक्त वॉर्निंग यायची, वॉर्निंग कोण वाचतंय, म्हणून आता लाइव्हवर अशी फाइल चढतच नाही. तीन महिन्यांत कोणी 'हे पक्कं करा' म्हणून भांडायला आलं नाही तर काढून टाकतो.

जुनं काढायचं कसं

व्हीटी स्टेशनचं अधिकृत नाव 1996 मध्ये बदललं, 2017 मध्ये त्यात 'महाराज' जोडलं, तरी टॅक्सीवाल्याला आजही व्हीटी म्हटलं तरच पटकन कळतं. एल्फिन्स्टनचं 2018 मध्ये प्रभादेवी झालं, माझे बाबा अजून एल्फिन्स्टनलाच उतरतात. बोर्ड बदलल्याने तोंडातला शब्द बदलत नाही, तसंच डॉक्युमेंटमध्ये 'हे वापरू नका' लिहिल्याने कोड बदलत नाही. म्हणून बदलाबरोबर बदलून देणारं टूल द्या. गोने 1.0 यायच्या आधीच 2011 मध्ये गोफिक्स काढलं होतं, जुना कोड आपोआप नव्या रूपात. रस्टमध्ये एडिशन बदलायला कार्गो फिक्स आहे. टूलने फाइल बदलून दिली की वॉर्निंगचा कालावधी ठरवा आणि मग सरळ एरर. पायथनने जुनाट झालेली 19 मॉड्यूल 3.13 मध्ये काढली, ऑक्टोबर 2024, आधी 3.11 पासून सांगत होते, म्हणजे दोन वर्षं. आम्ही दोन महिने देतो, फायली आमच्याच आहेत.

निर्णय कोण घेणार हे पण ठरवून टाका, जास्त डोकं लावू नका. लुआ भाषेचे तिघे कर्ते एकमत झालं तरच फीचर घ्यायचे. पायथनमध्ये 2018 मध्ये वॉलरस ऑपरेटर या नव्या चिन्हावरून एवढा वाद झाला की पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम बाजूला झाले, आता निवडून दिलेले पाच जण बघतात. आमच्यात मी आणि गोडाऊनच्या ताई, दोघांचं 'हो' लागतं. साहेबांना मत मांडता येतं. नाकारलेल्या मागण्याही कारणासकट एका फाइलमध्ये लिहितो, कारण तीच मागणी दर पावसाळ्यात नव्या माणसाकडून परत येते.

सध्या एक मागणी टेबलावर आहे, 'नाहीतर' पाहिजे, म्हणजे एल्स. मला पटतेय, ताईंना नाही पटत, त्या म्हणतात एक ओळ वाचली की एक नियम समजतो हेच बरं आहे, 'नाहीतर' आलं की वरची ओळ शोधत बसावं लागेल. ज्याने मागितलंय त्याला तीन अडलेले नियम पाठवायला सांगितलंय. दोन आलेत, त्यातला एक यादीने सुटला, दुसऱ्याला खरंच 'नाहीतर' लागेल असं दिसतंय. तिसऱ्याची वाट बघतोय, गणपतीनंतर बसू.